अभ्यासिका आहे, अभ्यासगट हवा : फलटण परिसरातील कॉलेज विद्यार्थ्यांसाठी संदर्भ लेख

दरवर्षी एप्रिल आला की विहारात, समाजमंदिरात, कॉलेजच्या हॉलमध्ये 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. पहाटे मुलं-मुली पुस्तक घेऊन बसतात आणि मध्यरात्री उठतात. महामानवाला वाचनातून अभिवादन करायची ही प्रथा आपल्या चळवळीने रुजवली आणि ती चांगलीच आहे. पण त्यातली बरीच मुलं पुढे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जातात. पहिल्या सेमिस्टरच्या निकालात दोन विषय राहतात, इंटर्नलची तारीख निघून जाते, शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघते. त्या दिवशी त्यांच्या शेजारी कोण बसलेले असते?

बहुतेक वेळा कोणीच नसते. प्रवेश घेण्यापर्यंत समाज बरोबर असतो, निकालाच्या दिवशी सत्काराला पुन्हा येतो. मधली तीन-चार वर्षे मुलगा किंवा मुलगी एकटी असते. या मधल्या काळासाठी कोणत्या सुविधा आहेत, त्या कशा वापरायच्या आणि आपण स्वतः काय उभे करू शकतो, याची मांडणी या लेखात केली आहे. उदाहरणे शक्यतो आपल्याच सातारा जिल्ह्यातली घेतली आहेत.

अभ्यासिका आणि अभ्यासगट यांतला फरक

अभ्यासिका म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. रांगेत टेबले, प्रत्येकाला खुर्ची, पंखा, भिंतीवर 'शांतता राखा' ही पाटी. स्पर्धा परीक्षांच्या तयारीमुळे अशा अभ्यासिका तालुक्याच्या गावांत वाढल्या आणि त्यांची गरजही आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे अभ्यासाला जागा मिळणे हेच मोठे असते.

अभ्यासगट ही वेगळी गोष्ट आहे. अभ्यासिकेत बोलायला मनाई असते. अभ्यासगटात बोलल्याशिवाय काम होत नाही. एकाच विषयाचे सहा-आठ विद्यार्थी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र बसतात. जे समजले ते दुसऱ्याला सांगतात, जे समजले नाही ते न लाजता विचारतात. त्यांच्यात एखादा ताई किंवा दादा असतो, ज्याने तो पेपर आधी दिलेला असतो. शिक्षणशास्त्रात याला 'अध्ययन समुदाय' म्हणतात. नाव जड असले तरी गोष्ट साधी आहे.

आपल्याकडे अभ्यास म्हणजे एकट्याने, शांत बसून, पाठ करणे अशी समजूत घट्ट झाली आहे. स्पर्धा परीक्षेच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांना ती काही प्रमाणात चालते. पण विद्यापीठाच्या पेपरात मुद्दा मांडावा लागतो, प्रकल्प लिहावा लागतो, तोंडी परीक्षेत बोलावे लागते. तिथे नुसती खुर्ची आणि पंखा पुरत नाही. बोलण्याचा सराव लागतो आणि तो एकट्याने होत नाही.

घरातून मिळणारी न दिसणारी मदत

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा 'असाइनमेंट' आणि 'सेमिनार' यांत फरक काय, हे मला माहीत नव्हते. घरात पदवीधर कोणी नव्हते. वर्गातल्या काही मुलांकडे मोठ्या भावाच्या वह्या होत्या, जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, कोणत्या सरांना काय आवडते याची माहिती होती. मला वाटायचे, ही मुले हुशार आहेत आणि मी कच्चा आहे. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांची 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना वाचली आणि मग उलगडा झाला. शिकलेल्या घरात पैशाशिवाय आणखी एक शिल्लक असते. भाषा, ओळखी, कार्यालयात कसे बोलायचे, अर्ज कसा भरायचा, पुस्तकातले काय सोडायचे आणि काय धरायचे, हे सगळे त्या शिल्लकीत येते. परीक्षेत मात्र ती शिल्लक कुणाला दिसत नाही. दिसतात ते फक्त गुण.

पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ही शिल्लक घरातून मिळत नसेल तर ती समाजाने द्यायला हवी. शिष्यवृत्ती फी भरते, वसतिगृह छप्पर देते. पण 'हा प्रश्न असा सोडवतात' हे सांगणारे माणूस शिष्यवृत्तीच्या रकमेबरोबर खात्यात जमा होत नाही.

आपल्या जिल्ह्याचा वारसा

७ नोव्हेंबर १९०० रोजी बालभीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हा दिवस आपल्या जिल्ह्याने देशाला दिला आहे, हे फलटणच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे.

दुसरा धागा वसतिगृहांचा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे अनेक जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ सालचे. कर्मवीर भाऊराव पाटील याच वातावरणात घडले. त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वतः काम करत आणि एकमेकांच्या मदतीने शिकत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. बोर्डिंगमधली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने विकले, ही गोष्ट साताऱ्यात घराघरांत सांगितली जाते. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तिथल्या 'कमवा आणि शिका' योजनेने गरीब मुलाला कॉलेजचे दार उघडून दिले.

या बोर्डिंगांकडे आपण 'राहण्याची सोय' म्हणून पाहतो. प्रत्यक्षात ते अभ्यासगटच होते. एकाला येणारे गणित रात्री कंदिलाभोवती दहा जणांना येत असे.

बाबासाहेबांनी केलेली मांडणीही अशीच होती. जुलै १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्या वसतिगृहातले विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवत. सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि हॉकी क्लबही काढला. म्हणजे निवास, वाचन, लेखन आणि खेळ या चारही गोष्टी एकत्र होत्या. शंभर वर्षांपूर्वी, हाताशी पैसा नसताना, हे झाले. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयात (१९४६) नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग होते आणि वादविवादासाठी विद्यार्थी संसद होती. विद्यार्थी कुठून येतो, दिवसभर काय करतो, याचा विचार करून तिथली व्यवस्था उभी राहिली होती.

बाबासाहेब एकटेच शिकले का?

आपल्या मनात बाबासाहेबांचे चित्र एकच असते. ग्रंथांच्या ढिगाऱ्यात, दिव्याखाली, एकटे. ते चित्र खरे आहे, पण अर्धेच आहे.

मुंबईत शाळेत असताना त्यांना बागेत वाचत बसलेले पाहून कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांची विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांपर्यंत नेऊन शिष्यवृत्तीचा मार्ग मोकळा केला. केळुसकर हे बाबासाहेबांच्या शाळेचे शिक्षक नव्हते. ते बाहेरचे, पण जाणते आणि आपुलकीचे माणूस होते. आज ज्याला मेंटॉर म्हणतात ते हेच.

दुसरा प्रसंग न्यूयॉर्कचा. 'कास्ट्स इन इंडिया' हा त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचला गेला. सेमिनार म्हणजे काय? एकाने मांडायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, प्रश्न विचारायचे. जातीच्या उगमावरचा त्यांचा हा पहिला महत्त्वाचा विचार जगासमोर आला तो अभ्यासगटातूनच. एकांतात वाचन आणि समूहात मांडणी, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. आपण अठरा तासांचा एकांत उचलला. सेमिनार मात्र राहून गेला.

फलटणने दाखवलेली वाट

खुद्द फलटणमध्ये यासंबंधी मोठे काम झाले आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतलेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी पीएच.डी.साठी फलटणच्याच बोलीचा अभ्यास केला. गावातले वेगवेगळ्या जातींचे, थरांचे लोक कसे बोलतात, हा त्यांचा विषय होता. नंतर त्यांनी फलटणमध्ये शाळेबाहेर राहिलेल्या दलित मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याचे वर्ग सुरू केले. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली.

हे काम लहान मुलांचे आहे, पण त्यातला धडा कॉलेजलाही लागू पडतो. मुलाच्या तोंडी असलेली भाषा चुकीची मानून सुरुवात केली तर मूल गप्प होते. गप्प झालेले मूल शिकत नाही. आपली मुले कॉलेजात गप्प का बसतात याचे एक उत्तर इथे आहे. तरडगाव, बरड, गुणवरे, विडणी, साखरवाडी इथून येणारी मुलगी घरी एक मराठी बोलते, वर्गात दुसरी ऐकते आणि विज्ञान-वाणिज्यच्या पुस्तकात इंग्रजी वाचते. एवढ्या तीन भाषांच्या मध्ये तिला हसण्याची भीती न बाळगता तोंड उघडता येईल अशी एक तरी जागा हवी. अभ्यासगट ही ती जागा होऊ शकते.

बर्कलेचा अनुभव

अमेरिकेत १९७० च्या दशकात बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्रीझमन नावाच्या गणिताच्या तरुण अभ्यासकाला एक प्रश्न पडला. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे का पडतात? लोक उत्तरे द्यायला तयार होते. कोणी म्हणे प्रेरणा नाही, कोणी म्हणे घरचा पाठिंबा नाही, कोणी म्हणे पाया कच्चा. आपल्याबद्दल दिली जाणारी उत्तरे याहून वेगळी नसतात.

ट्रीझमन यांनी विद्यार्थी अभ्यास करतात तरी कसा, हे त्यांच्यासोबत राहून पाहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, घरून पाठिंबाही होता. पण ते एकटे अभ्यास करत. एकटेपणातून शाळेत यश मिळाले होते, म्हणून विद्यापीठातही त्यांनी तेच धरून ठेवले. चांगले यश मिळवणारे चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र आधी स्वतः उदाहरणे सोडवत, मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, जेवताना-फिरताना त्यावरच बोलत. कोण कुठे अडकले आहे, हे सगळ्यांना कळत असे.

मग त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या. त्या 'कच्च्या मुलांचे वर्ग' नव्हत्या. उलट नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे देऊन गटाने सोडवायला लावली जात. सहभागी विद्यार्थ्यांच्या निकालात मोठी सुधारणा झाली आणि हा नमुना इतर अनेक विद्यापीठांनी उचलला.

त्याच दशकात, १९७३ साली, मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत दुसरी एक पद्धत सुरू झाली. तिचे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे : कच्चा विद्यार्थी शोधू नका, अवघड पेपर शोधा. ज्या पेपरात सर्वांत जास्त मुले अडकतात, त्या पेपरासाठी तो उत्तम रीतीने दिलेला वरच्या वर्गाचा विद्यार्थी आठवड्याला गट घेतो. गट सर्वांना खुला असतो. त्यामुळे तिथे जाण्यात कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे 'रेमेडियल' या शब्दालाच शिक्का चिकटला आहे. मागासवर्गीयांसाठीचे रेमेडियल वर्ग कागदावर असूनही मुले तिकडे फिरकत नाहीत, याचे एक कारण हा शिक्का आहे.

'एक्झिट' या शब्दापासून सावध

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीची रचना बदलली आहे. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा, तिसऱ्या वर्षानंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी, अशा पायऱ्या आल्या. ठरलेली क्रेडिट पूर्ण केली असतील तर पायरीवर थांबता येते. त्याला 'एक्झिट' म्हणतात. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सगळे मिळून सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. मिळवलेली क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात.

कागदावर ही लवचिकता चांगली आहे. लग्न, आजारपण, घरची अडचण यामुळे शिक्षण तुटलेल्या मुलीला परतीची वाट मिळते. पण एक धोका ओळखा. काल ज्याला आपण गळती म्हणत होतो, त्याला उद्या एक्झिट म्हणता येईल. गळतीबद्दल कॉलेजला विचारता येत होते. एक्झिट हा विद्यार्थ्याने स्वतः घेतलेला निर्णय ठरतो. पहिल्या वर्षानंतर कोण बाहेर पडते, कोणत्या वस्तीतले, का, याची नोंद आपणच ठेवली नाही तर ती कुणी ठेवणार नाही.

हाताशी असलेल्या सुविधा

फलटणमधील मुधोजी महाविद्यालयासह सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली पारंपरिक कॉलेजे प्रामुख्याने शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) जोडलेली आहेत. फलटणहून कोल्हापूरला एका कामासाठी जायचे म्हणजे अख्खा दिवस जातो. म्हणून जवळच्या सुविधा नीट माहीत असणे जास्त महत्त्वाचे.

*आर्थिक आधार.* भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना पाहावी. भोजन, निवास आणि शैक्षणिक साहित्यासाठी शहराच्या वर्गवारीनुसार वर्षाला साधारण ३८ हजार ते ६० हजार रुपये मिळतात. अर्ज करण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयातून चालू वर्षाचे निकष तपासून घ्यावेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या. जातीच्या दाखल्यावर धर्म आणि मूळ जात यांची नोंद योग्य नमुन्यात आहे ना, हे बारावीतच पाहून घ्या. प्रवेशाच्या गर्दीत दाखला दुरुस्त होत नाही.

*कॉलेजातील सोयी.* ग्रंथालयात बुक बँक आहे का ते विचारा. असल्यास सेमिस्टरभर पुस्तके मिळतात. मेंटॉर-मेंटी योजनेत आपल्याला कोणते प्राध्यापक नेमले आहेत, ते शोधा आणि पहिल्या महिन्यातच भेटा. नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजे ही योजना दाखवतात, तेव्हा ती वापरणे हा आपला हक्क आहे. 'कमवा आणि शिका' योजना आहे का, तेही विचारा.

*भेदभावाविरुद्ध दाद.* विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली काढलेल्या समता विनियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला (२०१६) आणि मुंबईतील डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या मृत्यूनंतर हा विषय देशभर चर्चेत आला. आपल्या कॉलेजात हा अधिकारी कोण आहे, हे नाव गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वेळ आल्यावर शोधत बसू नका.

*पुढच्या वाटा.* संशोधन, अधिछात्रवृत्ती आणि स्पर्धा परीक्षा प्रशिक्षणासाठी पुण्याची बार्टी, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, आणि नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९).

*फोनवर मिळणारे ग्रंथालय.* केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरील अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. शोधगंगावर भारतभरचे पीएच.डी. प्रबंध वाचता येतात. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही मोफत आहे. मराठीतून संकल्पना समजून घ्यायची असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात, वाईला तयार झाला आहे. इंग्रजी पुस्तकातली संज्ञा अडली की आधी विश्वकोशातली नोंद वाचा, मग इंग्रजी परिच्छेदाकडे परत या.

गट कसा चालवावा

पुढचे मुद्दे अनुभवातून आले आहेत. आमचा पहिला प्रयत्न दोन महिन्यांत बंद पडला. कारण आम्ही, म्हणजे शिकलेले दादा लोक, दर रविवारी भाषण देत होतो. मुले ऐकायची, मान डोलवायची आणि पुढच्या रविवारी कमी यायची. दुसऱ्यांदा आम्ही मागे बसलो, तेव्हा गट टिकला.

१. सहा ते आठ जण पुरेत. पंधरा झाले तर दोन गट करा. मोठ्या गटात गप्प बसणारा लपून जातो.

२. विषय एकच निवडा, आणि तोही सर्वांत अवघड. बी.कॉम.ला अकाउंट्स किंवा संख्याशास्त्र, बी.एस्सी.ला गणित किंवा रसायनशास्त्र, बी.ए.ला अर्थशास्त्र किंवा इंग्रजी. सगळे विषय घेऊ म्हणाल तर एकही होणार नाही.

३. आठवड्यात दोनदा, दीड-दोन तास. वार आणि वेळ बदलायची नाही. दोघेच आले तरी गट भरवायचा.

४. येताना प्रत्येकाने काहीतरी सोडवून आणायचे. रिकाम्या हाताने आलेल्या आठ जणांचा गट होत नाही, गप्पांचा कट्टा होतो.

५. समजावून सांगण्याची पाळी फिरती ठेवा. आज ज्याला येत नाही त्यानेच पुढच्या वेळी तो भाग फळ्यावर मांडायचा. दुसऱ्याला शिकवण्यासाठी तयारी करताना विषय जितका पक्का होतो, तितका कशानेच होत नाही.

६. वरच्या वर्गाचा एक विद्यार्थी ठेवा. त्याने उत्तर सांगायचे नाही. 'इथपर्यंत कसा आलास?' एवढेच विचारायचे.

७. मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका पहिल्याच आठवड्यात जमवा. अभ्यासक्रम बदललेला असेल तर कोणता भाग गळला, ते लिहून ठेवा.

८. वेळ मुलींच्या सोयीने ठरवा. शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, हे आधी पाहा. संध्याकाळी सातला ठेवलेला गट आपोआप मुलांचाच होतो. मुलींच्या आई-वडिलांना एकदा गटावर बोलवा. डोळ्यांनी पाहिले की त्यांची काळजी कमी होते.

९. एक वही ठेवा. कोण आले, काय झाले, कुठे अडले, कोणत्या अर्जाची शेवटची तारीख कधी. सलग दोन वेळा कोणी आले नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचे. फोन पुरत नाही. बरेचदा घरी गेल्यावरच कळते की वडिलांचे काम सुटले आहे आणि पोराने ऊसतोडीला किंवा एमआयडीसीत जायला सुरुवात केली आहे.

१०. गट सर्वांना खुला ठेवा. मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त, मुस्लिम, मराठा, धनगर, कोणत्याही घरातली पहिल्या पिढीची मुले येऊ देत. साताऱ्याच्या बोर्डिंगने शिकवले ते हेच.

विहाराने काय करावे

या कामाला इमारत लागत नाही. विहाराचा हॉल आठवड्याचे बरेच दिवस रिकामा असतो. एक फळा, चांगला दिवा, पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छ शौचालय आणि कुलपाची किल्ली वेळेवर आणणारा एक जबाबदार माणूस, एवढे पुरते. जयंतीच्या वर्गणीतला छोटा भाग दरवर्षी पुस्तकांसाठी बाजूला काढला तर तीन वर्षांत पदवीच्या मुख्य विषयांची बुक बँक तयार होते. सेमिस्टर संपले की पुस्तक परत, पुढच्या मुलाला.

काही जण म्हणतील, विहार धम्माचे ठिकाण आहे, तिथे अकाउंट्स कशाला? त्यांना आठवण करून द्यावी की नालंदा हा महाविहारच होता, आणि तिथे धम्माबरोबर तर्क, व्याकरण आणि वैद्यकही शिकवले जाई. तथागतांनी कल्याणमित्राला किती मोठे स्थान दिले आहे, हे आपण प्रवचनात ऐकतो. अडलेल्या पोराशेजारी बसून त्याला गणित समजेपर्यंत न उठणारा दादा हा कल्याणमित्रच आहे.

नोकरीला लागलेल्या मंडळींनाही एक विनंती. सत्कार समारंभात दिलेली शाल आणि ट्रॉफी कपाटात जाते. त्याऐवजी महिन्यातून एक रविवार गावाकडच्या गटाला द्या. पुण्यात, मुंबईत असाल तर फोनवरून एका मुलीची प्रकल्पाची प्रत वाचून द्या. केळुसकर गुरुजींनी बागेत बसलेल्या एका मुलाची विचारपूस केली होती. त्याला पैसे लागले नव्हते.

येत्या ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनी, हार-फुलांचा कार्यक्रम जरूर करा. पण त्याच दिवशी आपल्या वस्तीतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची यादी करा. कोण कोणत्या कॉलेजात आहे, कोणता पेपर अवघड जातो, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला आहे. यादीत सहा नावे झाली की गट तयार झाला. पुढच्या रविवारी विहाराचे कुलूप उघडा आणि सतरंजी अंथरा.

जय भीम!